आमच्या तिघांची सुट्टी

एप्रिल सुरू झाला की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. ‘‘या सुट्टीत कुठं जायचं?’’ मुलं विचारतात, शेजारीण विचारते, भाजीवालीसुद्धा विचारते. ज्या घरात दोन कमावती माणसं आहेत, तिथं या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात मजा असते. पण जिथं आई एकटीच आहे, नवरा गेलेला आहे किंवा सोडून गेलेला आहे, तिथं हा प्रश्न ऐकला की पोटात गोळा येतो. तो माझ्याही पोटात आला होता. म्हणून आज हे लिहिते आहे.

मी वाईची. आमच्या गावाचं एक वेगळंच दुखणं आहे. साऱ्या महाराष्ट्रातून माणसं ज्या पाचगणी-महाबळेश्वरला सुट्टीसाठी येतात, त्या डोंगराच्या पायथ्याशीच आमचं घर. मे महिन्यात पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते. गाडीच्या काचेतून डोकं बाहेर काढून ओरडणारी मुलं आमच्या मुलांना रोज दिसतात. महाबळेश्वर आमच्यापासून जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर, पण २०१७ च्या सुट्टीत ते आम्हाला दिल्लीइतकं लांब होतं.

माझे यजमान २०१६ च्या दिवाळीनंतर अचानक गेले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. मी बी.ए. झालेली, पण नोकरी कधी केली नव्हती. शिवणाचं मशीन होतं, ते पुढं ओढलं. ब्लाऊज, साडीला फॉल-पिको आणि उन्हाळ्यात कुरडया-पापडाच्या ऑर्डरी. घर चाललं, पण हौसमौज म्हणून काही उरलं नाही. पहिल्या सुट्टीत मी मुलांना कुठंही नेलं नाही. खरं सांगायचं तर माझंच मन कशात नव्हतं. दुपारभर टीव्ही चालू राहायचा आणि माझं मशीन. ‘सुट्टी संपली एकदाची’ असं म्हणून मी जूनमध्ये सुटकेचा निःश्वास टाकला.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. धाकट्याच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. तिसरीचा वर्ग. त्यांनी काही न बोलता वही पुढं केली. ‘मी सुट्टीत काय केले’ या विषयावर दहा ओळी. माझ्या मुलानं लिहिलं होतं की आम्ही बाबांबरोबर महाबळेश्वरला गेलो. बाबांनी मला घोड्यावर बसवलं. आम्ही स्ट्रॉबेरी आईस्क्रीम खाल्लं. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी परत येऊ.

बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘मी त्याला रागावले नाही. तुम्हीही रागावू नका. फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून दाखवलं.’’

घरी येईपर्यंत मी स्वतःला सावरलं. रात्री अंथरुणावर त्याच्या केसांतून हात फिरवत विचारलं, ‘‘बाळा, असं का लिहिलंस?’’ तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, ‘‘सगळ्यांनी लिहिलं. माझ्याकडं लिहायला काहीच नव्हतं.’’

मैत्रिणींनो, त्या रात्री मला दोन गोष्टी कळल्या. त्याला घोडा नको होता, त्याला लिहायला काहीतरी हवं होतं. आणि बाबा आता नाहीत, ही गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलतच नव्हतं. मी गप्प, म्हणून मुलंही गप्प. सुट्टीच्या रिकाम्या दिवसांत ती गप्पगप्प शांतताच आम्ही तिघं गिळत बसलो होतो.

दहा रुपयांचा डबा

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी एक जुना पत्र्याचा डबा घेतला. रोज रात्री त्यात दहा रुपये टाकायचे. ज्या दिवशी जमलं नाही, त्याचे दुसऱ्या दिवशी वीस. नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने, म्हणजे साधारण एकशे ऐंशी दिवस. अठराशे रुपये झाले. एकदम अठराशे काढायचे म्हटले असते तर मला कधीच जमले नसते.

एप्रिलच्या शेवटी, निकाल लागायच्या आधी, मी तो डबा मुलांसमोर ओतला. नाणी आणि नोटा त्यांनाच मोजायला लावल्या. म्हटलं, ‘‘आपल्याकडं सुट्टीसाठी एवढे पैसे आहेत. याच्यावर एकही रुपया नाही. आता तुम्ही ठरवा.’’

माझी सासू म्हणाली, ‘‘लेकरांसमोर पैशाचं कशाला काढतेस?’’ मलाही धाकधूक होती. पण झालं उलटंच. आजवर ‘नाही’ म्हटलं की मुलांना वाटायचं, आई देत नाही. आता त्यांना दिसलं की पैसे एवढेच आहेत. मोठीनं वहीवर तीन रकाने आखले. एक फुकटचा, एक थोड्या पैशांचा आणि एक मोठ्या खर्चाचा. मोठ्या खर्चाच्या रकान्यात एकच गोष्ट लिहायची, असं ठरलं. दोघांनी अर्धा तास भांडून तिथं लिहिलं, ‘प्रतापगड’. धाकट्यानं खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘घोडा’.

आमचा हिशेब २०१८ साली असा होता. प्रतापगडाला सहाशे, छोट्या तीन सहलींना तीनशे, पुस्तकांच्या गावाला अडीचशे, वाचनालयाला दीडशे, घोड्याला दीडशे, भेळ-कुल्फीला दीडशे आणि अडीअडचणीला दोनशे. तेव्हापासून भाडी वाढली, भेळही महागली. त्यामुळं आकडे तुमचे तुम्ही घाला. पण मुलांच्या हातात पेन्सिल द्या, एवढं मात्र जरूर करा.

आधी प्रश्न सांभाळायचा

सहल एका दिवसाची असते. सुट्टी असते दीड महिन्याची. एकट्या बाईला खरा घोर लागतो तो या बाकीच्या दिवसांचा. आपण कामावर गेलो तर मुलांकडं कोण बघणार? कुलूप लावून गेलं तर जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि शेजारणीला रोज रोज सांगायला तोंड होत नाही.

आमच्या बचत गटात आम्ही चौघीजणी अशाच. एक विधवा, दोघी नवऱ्यानं टाकलेल्या आणि एकीचा नवरा कामासाठी वर्षातले दहा महिने बाहेरगावी. आम्ही पाळी लावली. सोमवारी एकीकडं, मंगळवारी दुसरीकडं, बुधवारी तिसरीकडं, गुरुवारी माझ्याकडं. सकाळी नऊ ते दुपारी दोन सगळी मुलं त्या घरात. प्रत्येक मूल आपापला डबा घेऊन येणार. पाळी ज्या घरी, तिनं फक्त ताक किंवा पन्हं द्यायचं. बाकी काही करायचं नाही, नाहीतर पाहुणचाराची चढाओढ लागते आणि योजना आठ दिवसांत बंद पडते.

यात कुणावर कुणाचे उपकार नाहीत, म्हणून मान खाली घालावी लागत नाही. मदत मागायला लाजणाऱ्या बायकासुद्धा पाळी घ्यायला लाजत नाहीत, असा माझा अनुभव आहे. ज्यांची रविवारी सुट्टी नाही अशा दुकानात काम करणाऱ्या मैत्रिणीची पाळी आम्ही संध्याकाळची ठेवली. ती मुलांना घाटावर फिरवून आणायची.

दोन नियम मात्र कडक. एक, मुलांनी मोठ्या माणसाशिवाय नदीवर, विहिरीवर, शेततळ्यावर जायचं नाही. दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं पोहायला गेलेली मुलं बुडाल्याची बातमी येतेच. कृष्णामाई कितीही आपली असली तरी डोहाला दयामाया नसते. दुसरा, बारा ते चार उन्हात खेळायचं नाही. त्या वेळात बैठे खेळ. सागरगोटे, पत्ते, नवा व्यापार, भेंड्या. एकीच्या आईनं मुलींना काचापाणी शिकवलं. तिला स्वतःला ते आठवतंय याचंच तिला नवल वाटलं.

पदरमोड न करता

फुकटच्या रकान्यात काय काय लिहिता येतं, ते सांगते.

पहिलं म्हणजे कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा. हे काम मी पोटासाठी करतेच. त्या वर्षी मुलांना त्यात घेतलं. पहाटे पाच वाजता चीक शिजवताना धाकटा चुलीपाशी उकिडवा बसलेला असायचा. गरम चिकात मीठ-हिंग घालून एक वाटी, नंतर दूध-साखर घालून दुसरी वाटी. कावळ्यांपासून वाळवणाची राखण केली की प्रत्येकाला दिवसाचे पाच रुपये. ‘‘आई, माझी मजुरी,’’ म्हणून तो संध्याकाळी हात पुढं करायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो ताठा असायचा, तो मी अजून विसरले नाही.

दुसरं म्हणजे आपलंच गाव. वाईत राहून माझ्या मुलांनी ढोल्या गणपतीला हजार वेळा हात जोडले होते, पण तो कधी बांधला हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. सरदार रास्त्यांनी १७६२ साली तो बांधला. एका पहाटे आम्ही तीन किलोमीटर चालत मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट आणि घाटावरच्या देवळापाशी टांगलेली ती भली मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिकडून आलेली. तिच्यावर मेरीमाता कोरलेली आहे, हे मुलांनी बोट लावून शोधून काढलं. ‘स्वदेस’ या २००४ च्या चित्रपटाचं चित्रीकरण इथं झालं होतं, म्हटल्यावर मोठीला घाटाच्या पायऱ्यांवरून दोनदा चालून दाखवायचं होतं. बरोबर धपाटे आणि दही होतं. खर्च झाला तो परत येतानाच्या रिक्षाचा.

तुम्ही म्हणाल, तुमच्या वाईला आहे सगळं, आमच्या गावात काय आहे? प्रत्येक गावात काहीतरी असतं. जुनी वेस असते, बारव असते, वीरगळ असतो, कुंभाराचं चाक असतं, गुऱ्हाळ असतं, रेल्वेचं स्टेशन असतं. पोस्टात जाऊन पत्राचा प्रवास विचारा. एखाद्या आजोबांना १९७२ चा दुष्काळ विचारा. मुलांना प्रश्न लिहून न्यायला सांगा. माणसं सांगायला तयार असतात, विचारणारंच कुणी नसतं.

तिसरं म्हणजे वाचनालय. आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्यामुळं तालुक्याच्या गावीच काय, कितीतरी लहान खेड्यांतही अनुदानित वाचनालयं आहेत. वर्गणी अगदी थोडी असते. तिथं पंखा असतो, थंड पाणी असतं आणि तासन्‌तास बसलं तरी कुणी ‘काय घेणार’ म्हणून विचारत नाही. आमच्या वाईचं तर विश्वकोशाशीच नातं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथं बसून ते काम उभं केलं. मुलांनी विचारलेल्या ज्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, तो आम्ही एका कागदावर लिहून ठेवायचो आणि शनिवारी विश्वकोशात शोधायचो. आता तर तो मोबाईलवरही फुकट वाचता येतो.

सावली हरवली त्या दिवशी

आणि चौथी गोष्ट, जिला खरोखरच एक पैसा लागत नाही.

सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो असं आपण म्हणतो, पण तो बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, आणि तेही विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ठरावीक पट्ट्यात राहणाऱ्यांच्या. आपला महाराष्ट्र पूर्ण त्या पट्ट्यात आहे. त्या दिवशी भर दुपारी सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच येते, म्हणजे दिसेनाशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टच्या सुमारास, ढगांत जाते. पण पहिली नेमकी सुट्टीत येते. मेच्या पहिल्या आठवड्यात ती सावंतवाडी-कोल्हापूरकडं असते आणि मग रोज थोडी थोडी उत्तरेकडं सरकत जाते. साताऱ्याला दहा मेच्या आसपास, पुण्याला तेरा-चौदा मेला, जळगाव-नागपूरकडं पंचवीस-सव्वीसला.

आमच्या वाईला अकरा-बारा मे. त्या दिवशी पाळीची सातही मुलं आमच्या गच्चीवर. एक सरळ कडांचा स्टीलचा पेला पालथा ठेवला. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी मुलं सावलीच्या टोकावर खडूची खूण करत होती. पाय भाजत होते, म्हणून पोत्यावर उभी. सावली आखडत आखडत गेली आणि साडेबाराच्या सुमारास पेल्याभोवती काही म्हणता काही उरलं नाही. मग सगळ्यांनी स्वतःकडं पाहिलं. त्यांची सावली त्यांच्या पावलांत गोळा झाली होती. धाकटा उड्या मारत ओरडला, ‘‘माझी सावली हरवली!’’ खालून सासूबाई म्हणाल्या, ‘‘काय हरवलं रे?’’ आणि गच्चीवर जो हशा पिकला!

त्या हशात मीही होते. दीड वर्षात मी मोठ्यानं हसले नव्हते, हे मला खाली उतरताना लक्षात आलं.

प्रतापगड आणि घोडा

थोड्या पैशांतली आमची मोठी मौज म्हणजे भिलार. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीलाच पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तकं मांडली. ती लोकांच्या घरांत, ओसरीवर, देवळात आहेत. एका घरात गोष्टी, दुसऱ्यात चरित्रं, तिसऱ्यात विज्ञान. आत जायचं, हवं ते पुस्तक घ्यायचं, वाचत बसायचं. पैसे नाहीत. माझ्या मोठीनं एका घराच्या पायरीवर बसून सलग तीन तास वाचलं. घरातल्या काकूंनी तिला हलवलं नाही, वर पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

प्रतापगडाला आम्ही मेच्या शेवटी गेलो. पहाटेची एस.टी., महाबळेश्वरला गाडी बदलून महाडकडं जाणाऱ्या गाडीनं कुंभरोशीला उतरलो आणि वर चालत. मुलं पाच ते बारा वर्षांमधली असल्यानं दोघांची अर्धी तिकिटं. डब्यात भाकरी, लसणाची चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे. १० नोव्हेंबर १६५९ ला इथं काय झालं, ते धाकट्यानं बुरुजावर उभं राहून आम्हाला हातवारे करून दाखवलं. अफजलखान व्हायला मोठी तयार होईना, म्हणून मला व्हावं लागलं. याच किल्ल्याचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा आपल्या महाराष्ट्रात आहेत. शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, पन्हाळा, साल्हेर, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी. तुमच्या गावापासून यातला एखादा तरी एस.टी.च्या टप्प्यात असेल.

परतताना महाबळेश्वरला वेण्णा तलावावर घोडा. पैसे एकाच्याच फेरीचे होते. मोठी म्हणाली, ‘‘मला नको, मला भीती वाटते.’’ तिला भीती वाटत नव्हती. मला ते कळलं आणि मी तिला ते तेव्हा कळू दिलं नाही. धाकटा घोड्यावर बसला, फेरी मारून उतरला आणि नाक मुरडून म्हणाला, ‘‘आई, घोड्याला किती वास येतो गं!’’ झालं. वर्षभर ज्या घोड्यानं माझी झोप उडवली होती, त्याची अशी वासलात लागली. अडीअडचणीच्या दोनशेतून मी मोठीला मक्याचं कणीस आणि एक वेताची छोटी पर्स घेऊन दिली.

एस.टी.त खिडकीशी बसून धाकट्यानं विचारलं, ‘‘बाबा इथं आले होते?’’ मी म्हटलं, ‘‘आले होते. लग्न झाल्यावर आम्ही दोघं आलो होतो. तेव्हा त्यांची टोपी याच तलावात उडाली होती.’’ मग घाट संपेपर्यंत आम्ही बाबांबद्दलच बोलत होतो. कुणी रडलं नाही. म्हणजे मी थोडीशी, पण अंधार पडला होता.

आज प्रवास तर आपल्याला आणखी सोपा झाला आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सगळ्या गाड्यांत महिलांना राज्यात अर्धं तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर वर्षांवरच्या आजी-आजोबांना मोफत. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद अशा पुरातत्त्व खात्याच्या स्थळांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. फक्त वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. गाडी-हॉटेलचं पॅकेज घेणाऱ्यांना हे हिशेब लागत नाहीत. आपल्याला लागतात, आणि ते करायला लाज कसली?

तुलना नको

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं दुखणं निराळं आहे. तिचा घटस्फोट झालेला. कोर्टानं ठरवून दिल्याप्रमाणं सुट्टीतले पंधरा दिवस मुलगा वडिलांकडं जातो. तिकडं मॉल, वॉटर पार्क, नवे बूट. परत आला की आईच्या आमटी-भाताकडं बघून तोंड वाकडं करतो. ती कर्ज काढून त्याला कुठंतरी लांब न्यायला निघाली होती. आम्ही तिला थांबवलं. म्हटलं, वडिलांशी शर्यत लावू नकोस. हरलीस तर वाईट वाटेल, जिंकलीस तर हप्ते फेडशील. तिनं एवढंच केलं. मुलगा आला की पहिले दोन दिवस त्याला काही विचारायचं नाही, तिकडच्या गमती त्यानं सांगितल्या तर कान देऊन ऐकायच्या आणि रोज रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर त्याच्याशी पत्त्यांचा एक डाव. बस. हल्ली तोच तिकडून फोन करून सांगतो, ‘‘आई, पत्ते कुठं ठेवलेत बघून ठेव.’’

माहेरचंही तसंच. मामाचं गाव गाण्यात गोड असतं. एकट्या बाईला भावाच्या घरी महिनाभर राहणं जड जातं, तिलाही आणि वहिनीलाही. चारच दिवस जावं, पण हात हलवत जाऊ नये. मी कुरडयांचा डबा नेते आणि तिथं वहिनीचे दोन ब्लाऊज शिवून देते. वहिनी मला निरोप देताना ‘‘अजून दोन दिवस राहा की’’ म्हणते. ते तोंडदेखलं नसतं, हे चेहऱ्यावरून कळतं.

आणि मैत्रिणींनो, स्वतःला विसरू नका. दीड महिन्यातली एक संध्याकाळ फक्त तुमची ठेवा. पाळीवाल्या मैत्रिणीकडं मुलं सोपवा आणि घाटावर एकट्या बसा, किंवा नुसत्या झोपा. आई चिडलेली असेल तर काश्मीरही मुलांना गोड लागत नाही.

दहा ओळी

जून २०१८. धाकटा चौथीत गेला. पुन्हा तोच विषय, ‘मी सुट्टीत काय केले’. या वेळी वही त्यानंच मला आणून दाखवली. मला वाटलं होतं, प्रतापगड असेल, निदान घोडा तरी असेल. घोड्याला त्यानं एकच ओळ दिली होती, तीही वासाची. सहा ओळी सावली हरवल्याच्या होत्या. पेला, खडू, पोतं, आजीचा प्रश्न, सगळं. आणि शेवटी लिहिलं होतं, ‘आम्ही तिघे गेलो. बाबा नव्हते. बाबांची टोपी तलावात उडाली होती ते आईने सांगितले.’

खाली बाईंनी लाल शाईनं ‘छान’ लिहिलं होतं.

आज मोठी कॉलेजात आहे आणि धाकटा बारावीच्या उंबरठ्यावर. सुट्टीत आता त्यांना माझ्याबरोबर यायला वेळ नसतो. पण पत्र्याचा डबा अजून फडताळात आहे, आणि परवा त्यात कुणीतरी पन्नासची नोट टाकलेली सापडली. मी विचारलं नाही कुणी ते. मे जवळ आला आहे. अकरा तारखेला गच्चीवर यायचं निमंत्रण शेजारच्या लहान मुलांना मात्र मी आत्ताच देऊन ठेवलं आहे.

तुमच्याही घरी एखादा रिकामा डबा असेल. आजपासून दहा रुपये टाकायला लागा. आणि सुट्टी लागली की तो मुलांसमोर ओता.